मध्ययुगीन गाव बघायला सिन्नरला

माझा एक मावसभाऊ जर्मनीत असतो. गेल्या सुट्टीत त्यानं घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोथेनबुर्ग नावाच्या गावाचे फोटो टाकले. उतरत्या छपरांची घरं, दगडी गल्ल्या, गावाभोवती तटबंदी. मग आत्याचा मेसेज आला: "आपल्याकडे अशी जुनी गावं का नाही राहिली गं? तू संशोधन करतेस ना, सांग."

प्रश्न साधा वाटतो, पण 'पेट'ची तयारी करणाऱ्यांनी यावर जरा थांबावं असं मला वाटतं. यातलं प्रत्येक पद तपासून बघता येतं. 'जुनं' म्हणजे किती जुनं? 'गाव' म्हणजे नेमकं काय? आणि 'राहिली नाहीत' हे कशावरून? आत्याला मी ग्रुपवर उत्तर दिलं नाही. दिवाळीच्या सुट्टीत गाडी काढली आणि आई, बाबा, आत्या आणि नऊ वर्षांचा भाचा अशा सगळ्यांना घेऊन नाशिकहून निघाले. एका दिवसाचा फेरा ठरवला: सिन्नर, संगमनेर, कळस बुद्रुक, अकोले, टाहाकारी आणि ठाणगावमार्गे परत सिन्नर. एक गोष्ट आधीच सांगते. मी मूळची एम.एस्सी. जिऑलॉजीची आहे, इतिहासाची पदवी माझ्याकडे नाही. त्यामुळे दगड-मातीबद्दल मी जरा जास्तच बोलेन.

रोथेनबुर्गचं आधी उरकून घेऊ. ३१ मार्च १९४५ ला त्या गावावर बॉम्ब पडले आणि गावाचा मोठा भाग जळून गेला. आज फोटोत दिसतं त्यातलं बरंच युद्धानंतर जुन्या पद्धतीनं पुन्हा बांधलेलं आहे. फ्रान्समधल्या कार्कासोनच्या तटबुरुजांचीही एकोणिसाव्या शतकात मोठी डागडुजी झाली. तिथं काही खरं नाही असा याचा अर्थ नव्हे. पण 'जसंच्या तसं उरलेलं मध्ययुगीन गाव' ही चीज तिथंही दुर्मीळ आहे, ती पैसा आणि मेहनत ओतून टिकवावी लागते. त्यामुळे तुलना करताना दोन्हीकडचं काय, कसं आणि कोणामुळे उरलं, हे विचारायला हवं.

आता सिन्नर. गोंदेश्वराचं मंदिर तुम्ही पाहिलं नसेल तरी रील्समध्ये नक्की दिसलं असेल, विशेषतः पावसाळ्यात. उंच जोत्यावर मधोमध महादेवाचं मुख्य मंदिर, समोर नंदीमंडप आणि चार कोपऱ्यांत सूर्य, विष्णू, पार्वती, गणपती यांची चार छोटी मंदिरं. याला पंचायतन म्हणतात. शिखर भूमिज शैलीचं आहे. म्हणजे चार बाजूंनी खालपासून वरपर्यंत चार पट्टे जातात आणि त्यांच्या मधल्या जागेत छोट्या छोट्या शिखरांच्या रांगा एकावर एक चढत जातात. भाच्यानं त्या मोजायला घेतल्या आणि तिसऱ्या रांगेत नाद सोडला.

बाबा म्हणाले, "हेमाडपंती आहे बरं का."

हे वाक्य तुम्ही महाराष्ट्रातल्या प्रत्येक जुन्या दगडी देवळासमोर ऐकलं असेल. हेमाद्री पंडित उर्फ हेमाडपंत हा देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र या यादव राजांच्या काळातला मोठा अधिकारी. महादेवाची कारकीर्द १२६१ च्या आसपास सुरू होते. गोंदेश्वराचं मंदिर अभ्यासक अकराव्या किंवा बाराव्या शतकात ठेवतात, म्हणजे हेमाद्रीच्या किमान काही पिढ्या आधी. 'हेमाडपंती' हा शब्द बोलण्यात राहू दे, बाबांशी त्यावर भांडायचं कारण नाही. पण प्रबंधात लिहाल तर परीक्षक पहिल्याच पानावर लाल खूण करेल.

मग हे मंदिर बांधलं कोणी? १८८३ च्या नाशिक गॅझेटियरमध्ये स्थानिक आख्यायिका नोंदलेली आहे: राव शिंगुणी नावाच्या गवळी राजानं गाव वसवलं, त्याचा मुलगा राव गोविंद यानं हे मंदिर बांधलं आणि त्याला दोन लाख रुपये खर्च आला. गोविंदेश्वराचं झालं गोंदेश्वर. गोष्ट छान जुळते, आणि आख्यायिका छान जुळली की आपण सावध व्हायचं. त्यातला 'दोन लाख रुपये' हा तपशील बघा. रुपया हे नाणं शेरशहानं १५४० नंतर चालू केलं. यादवकाळातल्या लेखांत द्रम्म, गद्याण अशी नाणी येतात. म्हणजे ही गोष्ट निदान या रूपात तरी खूप नंतर सांगितली गेली आहे. मंदिर कधीचं आहे, हे त्यावरून ठरत नाही. फक्त आख्यायिकेचं वय थोडं कळतं. तेही कामाचंच आहे, पण ते वेगळ्या प्रश्नाचं उत्तर आहे.

काही अभ्यासकांनी या 'गोविंदा'ची जोड चाळीसगावजवळच्या वाघळीच्या शिलालेखाशी लावली. त्या १०६९ च्या लेखात यादवांचा मांडलिक असलेला गोविंदराज येतो. नाव जुळतं, काळही साधारण जुळतो. पण त्या लेखात सिन्नरच्या मंदिराचा उल्लेख नाही आणि गोविंद हे काही विरळ नाव नव्हे. गावातलंच दुसरं जुनं मंदिर ऐश्वरेश्वराचं. त्याचं शिखर आज उरलेलं नाही, पण आतल्या अंतराळाच्या दारावरचं मकरतोरण मला गोंदेश्वराइतकंच आवडलं. त्याचीही अशीच जोड ऐरमदेव या यादव राजाच्या नावाशी लावली जाते. पुन्हा तेच: नावाचा आवाज जुळतो, लेख नाही. तुम्ही सिनॉप्सिस लिहाल तेव्हा 'अमुक शक्य आहे' आणि 'अमुक सिद्ध आहे' ही दोन वाक्यं वेगळ्या परिच्छेदांत ठेवा. एकाच परिच्छेदात ठेवली की तिसऱ्या पानापर्यंत ती एक होतात. आपलीच नजर चुकवून होतात.

इथं विज्ञानवाले एक प्रश्न हमखास विचारतात: दगडाचं वय काढता येत नाही का? येतं की. हा दख्खनचा बेसाल्ट आहे, आणि त्याचं वय साधारण ६.६ कोटी वर्षं येईल. लाव्हा थंड झाला तेव्हाचं घड्याळ दगडात चालू आहे. छिन्नीचा घाव पडला तेव्हा ते पुन्हा शून्यावर येत नाही. भाजलेल्या विटेचं तसं नसतं. भट्टीत तापल्यावर तिच्यातल्या खनिजांत साठलेली ऊर्जा निघून जाते आणि मोजणी नव्यानं सुरू होते, म्हणून विटेचं आणि खापराचं वय थर्मोल्युमिनेसन्सनं काढता येतं. कोळशाचं वय कार्बन-१४ नं काढता येतं. नुसत्या घडवलेल्या दगडाला यातलं काही लागू पडत नाही. म्हणून अशा देवळांच्या बाबतीत शैलीची तुलना करतात: अंबरनाथच्या मंदिरात शके ९८२ म्हणजे १०६० चा लेख आहे, त्याच्या शिखराशी, थरांशी, खांबांशी ताडून बघायचं. त्यातून उत्तर येतं ते साल नसतं, एक पट्टा असतो. 'अकरावं किंवा बारावं शतक' हे ऐकायला ढिसाळ वाटतं, पण पुराव्याला जेवढं पेलतं तेवढंच ते आहे.

नंदीमंडपाच्या सावलीत डबे उघडले तेव्हा भाच्यानं विचारलं, "मावशी, देव इथं राहायचा. मग लोक कुठं राहायचे?"

मला वाटतं त्या दिवसातला हा सगळ्यात चांगला प्रश्न होता. आपण सगळे मंदिर बघायला गेलो होतो आणि त्याला गाव म्हणत होतो.

सिन्नर गाव होतं, आणि महत्त्वाचं होतं, याला पुरावा आहे. यादवांच्या लेखांत सिंदिनगर, सिंदिनेर अशी रूपं येतात; १०६९ च्या एका ताम्रपटात 'सिंदिनेर' आहे. पहिल्या सेउणचंद्रानं सेउणपूर वसवलं असं म्हणतात, ते हेच असावं असा एक तर्क आहे. पाचव्या भिल्लमानं ११८७ च्या सुमाराला देवगिरीला राजधानी उभी केली, त्याच्या आधीच्या यादवांचा वावर याच पट्ट्यात होता. म्हणून तर आम्ही संगमनेरकडे निघालो. संगमनेरचा दुसऱ्या भिल्लमाचा ताम्रपट शके ९२२ चा, म्हणजे इसवी सन १०००. आश्वीचा ऐरमदेवाचा शके १०२० चा, म्हणजे १०९८. आणि प्रवरेकाठच्या कळस बुद्रुकचा तिसऱ्या भिल्लमाचा शके ९४८ चा.

कळसवर थोडं थांबते, कारण इथं तुम्हाला स्वतः हिशोब करून बघता येईल.

या ताम्रपटात तीन गोष्टी एकत्र येतात: शके ९४८, क्रोधन संवत्सर, आणि कार्तिकातलं सूर्यग्रहण. आता शक-सालात ७८ मिळवून इसवी सन काढायचं, ही रीत तुम्हाला माहीत आहे. ९४८ अधिक ७८ म्हणजे १०२६. पण संवत्सरांची नावं साठ वर्षांनी फिरून येतात. तुमच्या घरात कोणी १९८५ च्या पाडव्यानंतर जन्मलेलं असेल तर पत्रिका काढून बघा: शके १९०७, क्रोधन नाम संवत्सर. माझ्या ताईच्या पत्रिकेत तेच आहे. १९०७ मधून साठच्या सोळा फेऱ्या, म्हणजे ९६० वजा करा. उत्तर येतं ९४७. ९४८ नाही!

मग ताम्रपट खोटा म्हणायचा का? घाई नको. शक-वर्ष मोजायच्या दोन पद्धती होत्या. एकात सरून गेलेली वर्षं मोजतात, दुसरीत चालू असलेलं वर्ष धरतात. आपणही बाळाला अकरा महिने झाले की 'पहिलं वर्ष चालू आहे' म्हणतो. ९४७ वर्षं सरली आणि ९४८ वं चालू आहे, असं धरलं की क्रोधन बरोबर बसतं आणि इसवी सन येतं १०२५. राहिलं ग्रहण. ते मानवी सोयीनं होत नाही, म्हणून तेच खरा साक्षीदार. १०२५ च्या कार्तिक अमावास्येला, म्हणजे २३ नोव्हेंबरला, सूर्यग्रहण झालं होतं. तिन्ही धागे एका दिवसावर येऊन मिळतात. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकवून पुढं ग्योटिंगेनला गेलेल्या फ्रान्झ कीलहॉर्न यांनी शेकडो लेखांच्या तारखा अशाच पारखल्या, आणि त्याही संगणकाशिवाय. आज तुमच्या फोनवर ग्रहणांचे तक्ते आहेत. एखादा लेख निवडून एकदा करून बघा, हाताला सवय होते.

आता गोंदेश्वर आणि कळस शेजारी ठेवा. डोळ्यांना दिपवणारं मंदिर आपल्याला शंभर-दीडशे वर्षांचा पट्टा देतं. आणि कळस गावात गाडी थांबवली तर आत्या म्हणाली, "इथं बघायचं काय?" खरंच, अकराव्या शतकातलं म्हणून फोटो काढावा असं आम्हाला रस्त्यावरून काही दिसलं नाही. पण त्या गावाचं नाव हजार वर्षं तेच आहे, आणि त्याच्या इतिहासातला एक दिवस आपल्याला तारखेनिशी माहीत आहे. बाबा बराच वेळ गावाच्या पाटीकडे बघत होते. मग म्हणाले, "म्हणजे पाटीच जुनी आहे म्हण की."

घरं का नाहीत, हे खरं तर अवघड नाही. आपल्याकडे दगड देवाला, तटाला आणि बारवेला जायचा. माणसाचं घर मातीच्या भिंतींचं, कुडाचं, लाकडी खांबांचं, वर गवत किंवा माळवद. असं घर काही पिढ्यांत पडतं. पडलं की ती माती तिथंच चोपून त्यावर नवं घर उभं राहतं. चुलीची राख, शेण, हाडं, फुटलेली मडकी, चुना हे सगळं त्याच जागी साठत जातं. शेकडो वर्षं असं चाललं की गावाखालची जमीन आजूबाजूच्या काळ्या रानापेक्षा उंच होते आणि रंगानं फिकट दिसते. आपल्या आजी-आजोबांना यासाठी शब्द होता: पांढरी. शेतीची ती काळी, वस्तीची ती पांढरी. हा नुसता भाषेतला अलंकार नाही, हे मातीचं वर्गीकरण आहे. जिऑलॉजीच्या वर्गात ज्याला मी 'मानवनिर्मित थर' म्हणून शिकले, तो आमच्या आजीला तीन अक्षरं आणि एका अनुस्वारात माहीत होता.

म्हणजे आत्याच्या प्रश्नाचं उत्तर: जुनं गाव राहिलंय, फक्त ते उभं नाही, आडवं आहे. आजच्या गावाच्या खाली.

आणि ते मोजता येतं. माणसं आणि जनावरं जिथं पिढ्यान्‌पिढ्या राहतात तिथल्या मातीत फॉस्फरस साठतो. नायट्रोजनसारखा तो सहज निघून जात नाही, कॅल्शियम, लोह, अॅल्युमिनियम यांना धरून बसतो. स्वीडनमध्ये ओलोफ अर्‍हेनियस यांनी १९२०-३० च्या दशकांत याच्यावरून जुन्या वस्त्या शोधायची वाट काढली. गावठाणातली माती आणि रानातली माती शेजारी ठेवून फरक बघायचा, इतकं साधं तत्त्व. पण रिसर्च प्रपोजल लिहिताना एक अडचण आधीच मांडा: आपल्या काळ्या रानात कित्येक वर्षं डीएपी पडतोय, त्यात फॉस्फरसच असतो. म्हणजे तुलनेसाठी घ्यायचा नमुना कुठला? बांधाखालचा? गायरानातला? खोल थरातला? माझ्या मते प्रपोजलचं अर्धं वजन या एका प्रश्नात आहे. प्रयोगशाळेतली पद्धत काय, कोणीही पुस्तकातून उतरवेल.

संगमनेरपासून जवळच प्रवरेच्या काठावर जोर्वे आहे. १९५०-५१ मध्ये सांकळिया आणि देव यांनी तिथं उत्खनन केलं, आणि दख्खनच्या ताम्रपाषाणयुगातल्या एका अख्ख्या संस्कृतीला या छोट्या गावाचं नाव मिळालं. नदीकाठची वस्ती, मातीची घरं, पांढरीचा ढीग, हे यादवांच्याही दोन हजार वर्षं आधीपासून इथं चालत आलंय.

अकोल्यात प्रवरेकाठचं सिद्धेश्वर मंदिर पाहिलं, छान आहे, पण वेळ थोडा होता. टाहाकारीला मात्र निवांत बसलो. आढळा नदीच्या काठावर जगदंबेचं मंदिर आहे, तीन गाभाऱ्यांचं, आणि आतलं छत मान दुखेपर्यंत बघत राहावं असं. आत्या तिथं खूश झाली. देवीची ओटी भरली, मग ओट्यावर बसून तिथल्या एका बाईंशी तिच्या गप्पा रंगल्या. मला तासभर पुस्तकातून मिळालं नसतं ते तिनं पंधरा मिनिटांत काढून घेतलं: जुनी वस्ती कुठल्या बाजूला होती, पूर कुठपर्यंत यायचा, लग्नाच्या आधी कुठल्या दगडाला नारळ फोडतात. फील्डवर्कला जाताना घरातली एक आत्या सोबत असावी, हे कुठल्या कोर्सवर्कमध्ये शिकवत नाहीत.

येताना वाटेवर एका गावात चहाला थांबलो. गावाचं नाव लिहीत नाही. मारुतीच्या नव्या देवळाचा ओटा फरशीचा होता आणि त्याच्या पायाला वीरगळ बसवलेला होता. खालच्या चौकटीत लढाई, मध्ये अप्सरा वीराला घेऊन चाललेल्या, वर तो महादेवाची पूजा करतोय. खालची चौकट निम्मी सिमेंटात गेलेली. चहावाल्या काकांनी सांगितलं की गावामागचा पांढरीचा उंचवटा मागच्या उन्हाळ्यात जेसीबीनं सपाट केला. माती शेतकऱ्यांनी नेली, जागेवर पार्किंग होणार आहे. "भारी माती, पीक जोरात येतं," ते म्हणाले. खरंच आहे ते, फॉस्फरस असतो ना. पांढरीची माती शेतात टाकायची पद्धत जुनीच आहे. पण पाटीनं वाहून नेताना एका पिढीत जेवढी माती जायची तेवढी आता एका दुपारी जाते. कोणावर राग काढावा असं त्यात कोणी नाही. गोंदेश्वराला पुरातत्त्व खात्याचं संरक्षण आहे, निळी पाटी आहे, पहारेकरी आहे. पांढरीला यातलं काहीच नाही, कारण ती कोणाला सुंदर वाटत नाही.

तुमच्यापैकी कोणी विषय शोधत असेल, तर हे काम मोकळं आहे आणि मला एकटीला उरकणारं नाही. ताम्रपटांत आलेल्या गावांची नावं घ्या. ती आजच्या नकाशावर शोधा. जी पटतील तीच घ्या, ओढून-ताणून नको. 'महाभूनकाशा'वर गावाचा नकाशा मिळतो, त्यात गावठाणाची हद्द वेगळी दाखवलेली असते. भूमी अभिलेख कार्यालयात जुने नकाशे मागा. अर्ज लेखी द्या, पोच घ्या, आणि दोन खेपा होतील हे धरून चाला. मग गावात जाऊन बघा की आजची पांढरी त्या हद्दीत किती उरली आहे. महानुभावांची 'स्थानपोथी' वाचली नसेल तर वाचा. चक्रधरस्वामी जिथं जिथं गेले त्या जागांची टिपणं आहेत तिच्यात: देऊळ कुठल्या दिशेला तोंड करून आहे, नदी कुठल्या बाजूला, मठ कुठं. तेराव्या शतकातलं गाव चालत गेल्यासारखं समजतं.

आणि नमुने घ्यायला जाल तेव्हा ग्रामपंचायतीला आधी पत्र द्या, पिशवीवर जागेचं नाव, खोली आणि तारीख तिथंच लिहा, पेन्सिलनं. बॉलपेनची शाई ओल्या पिशवीवर टिकत नाही.